पिवळी जर्सी कुणाच्या अंगावर?

सकाळची वेळ. उजनीच्या पाण्यावरून गार वारा येतोय. भिगवणच्या मासळी बाजारात मात्र गडबड उडाली आहे. क्रेट उतरताहेत, बर्फ फुटतोय, लिलावाची बोली चढतेय. कटला, रोहू, चिलापी, मरळ! थंडीचे दिवस असले, की बर्फात हात घालून मासे निवडणाऱ्यांची बोटं बधिर होतात. तोंडाने फुंकर घालायची, हात चोळायचे आणि पुन्हा बर्फात घालायचे.

दोस्तांनो, आता असंच मासे निवडणारा एक पोरगेला, हडकुळा तरुण डोळ्यांपुढे आणा. गाव मात्र भिगवण नव्हे. डेन्मार्क देशातलं, समुद्रकाठचं हान्सथोल्म. सकाळी मासळीच्या लिलावघरात काम करायचं, बर्फात मासे भरायचे आणि काम संपलं की सायकलवर टांग टाकायची! त्या वेळी कुणी म्हणालं असतं, की हा पोरगा जगातली सगळ्यात अवघड सायकल शर्यत जिंकणार, तर लोक खो खो हसले असते.

त्या मुलाचं नाव योनास विंगेगार्ड. २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षं त्याने 'टूर दी फ्रान्स' जिंकली. २०२५ मध्ये स्पेनची मोठी शर्यतही जिंकली.

मग प्रश्न पडतो, की अशी शर्यत कोण जिंकणार, हे आधी ओळखता येतं का? काही प्रमाणात येतं बरं का! त्यासाठी ज्योतिषी लागत नाही. लागते एक वही, एक पेन्सिल आणि थोडी चौकस नजर. चला, शिकूया.

आधी शर्यत समजून घेऊ

टूर दी फ्रान्स १९०३ साली एका वर्तमानपत्राने सुरू केली. खप वाढावा म्हणून! त्या वर्तमानपत्राचा कागद पिवळा होता. १९१९ पासून सर्वांत पुढे असलेल्या स्वाराला पिवळी जर्सी मिळू लागली. इटलीची 'जिरो' १९०९ ची, तिची जर्सी गुलाबी. स्पेनची 'व्हुएल्टा' १९३५ ची, तिची आताची जर्सी लाल. या तीन मोठ्या शर्यती.

तिन्ही शर्यती तीन तीन आठवडे चालतात. २१ टप्पे असतात आणि मधे साधारण दोन दिवस विश्रांती. एकूण अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. भिगवणहून पुण्याला जायचं म्हणजे शंभरेक किलोमीटर. म्हणजे जवळजवळ रोज भिगवण ते पुणे, पुन्हा थोडं मागे, आणि असं तीन आठवडे! वाटेत सिंहगडापेक्षा कितीतरी उंच घाट, ते वेगळेच.

आता गंमत ऐका. रोज जो पहिला येतो तो त्या दिवसाचा विजेता. पण सगळ्या शर्यतीचा विजेता कोण? तर २१ दिवसांच्या वेळांची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो. त्यामुळे एकही टप्पा न जिंकता कुणी शर्यत जिंकू शकतो. आणि चार टप्पे जिंकणारा शंभराव्या नंबरावर असू शकतो! सहामाहीत एका विषयात पैकीच्या पैकी मिळाले म्हणून वर्गात पहिला नंबर येत नाही ना? तसंच हे.

म्हणून अंदाज बांधताना 'सर्वांत वेगवान कोण' हा प्रश्न विचारायचाच नाही. 'सर्वांत कमी वेळ कोण गमावेल' हा विचारायचा. त्यासाठी पाच कसोट्या आहेत.

पहिली कसोटी : घाट

सपाट रस्त्यावर सगळे घोळक्याने जातात आणि बहुतेकांना सारखाच वेळ मिळतो. घाट लागला, की घोळका दोरा तुटलेल्या माळेसारखा विखुरतो. तिथे मिनिटांचा फरक पडतो.

घाटात नुसती ताकद कामाची नाही. आपलं वजनही आपल्यालाच वर न्यायचं असतं. म्हणून इथले जाणकार एक भागाकार करतात. स्वाराची ताकद वॅटमध्ये मोजायची आणि तिला त्याच्या वजनाने भागायचं. समजा, एक स्वार ६० किलोचा आहे आणि तो अर्धा तास सतत ३६० वॅट ताकद लावतो. ३६० भागिले ६०, उत्तर ६. आपल्या घरात पूर्वी ६० वॅटचे पिवळे दिवे असत. तसे सहा दिवे अर्धा तास पायांनी पेटते ठेवायचे! दुसरा स्वार ८० किलोचा आहे आणि ४०० वॅट लावतो. ताकद त्याची जास्त, पण भागाकार आला ५. घाटात हा दुसरा मागे पडणार. सपाटीवर मात्र पहिल्याला भारी पडेल.

वहीत पहिला रकाना करा : 'घाट'.

दुसरी कसोटी : एकट्याची लढत

काही टप्प्यांत एकेकाला ठरावीक अंतराने सोडतात. सोबती नाही, आडोसा नाही. तो रस्ता, तो स्वार आणि ते घड्याळ. याला 'टाइम ट्रायल' म्हणतात.

१९८९ ची टूर आठवा. शेवटच्या दिवशी फ्रान्सचा लॉराँ फिन्यों ५० सेकंदांनी पुढे होता. उरलं होतं फक्त साडेचोवीस किलोमीटर, तेही एकेकट्याने. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड हँडलला पुढे खास दांडे लावून, अंग लहान करून, हवेला फसवत सुटला. त्याने ५० सेकंद भरून काढले आणि वर आठ सेकंदांनी शर्यत जिंकली. तीन आठवडे, तीन हजारांहून जास्त किलोमीटर, आणि फरक आठ सेकंदांचा! त्याच लेमाँडला १९८७ मध्ये शिकारीच्या वेळी चुकून बंदुकीचे छर्रे लागले होते आणि तो मरता मरता वाचला होता.

२०२० मध्येही असंच झालं. शेवटून दुसरा दिवस. स्लोव्हेनियाचा प्रिमोझ रोगलिच ५७ सेकंदांनी पुढे. त्याच देशाचा तादेय पोगाचार मागे. दोघांनी एकेकट्याने ३६ किलोमीटर कापले, शेवटी चढ. संध्याकाळी पोगाचार ५९ सेकंदांनी पुढे होता! त्याचा बाविसावा वाढदिवस तेव्हा दोन दिवसांवर आला होता.

दुसरा रकाना : 'एकटा'.

तिसरी कसोटी : संघ आणि वारा

हिवाळ्यात डिकसळ, कुंभारगावच्या बाजूला बॅकवॉटरवर गेलात, की रोहित पक्ष्यांबरोबर आणखी एक पाहुणा दिसतो. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकदंब. हा हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. हे पक्षी आकाशात उलट्या 'व्ही'सारखी रांग धरून उडतात. पुढच्याच्या पंखांमुळे मागच्याचे श्रम वाचतात.

सायकलस्वारही तेच करतात. पुढच्याच्या चाकामागे चिकटून चालवलं, तर सुमारे एक तृतीयांश ताकद वाचते. म्हणूनच प्रत्येक संघात आठ स्वार असतात. त्यांतला एक प्रमुख. बाकीचे त्याच्यासाठी वारा अंगावर घेतात, पाण्याच्या बाटल्या आणतात, वेळ आली तर आपली सायकलही काढून देतात. स्वतःचं नाव यादीत खाली गेलं तरी चालेल, आपला माणूस वर राहिला पाहिजे!

वारा समोरून आला तर रांग सरळ धरायची. आडवा आला तर तिरकी. पण रस्ता किती रुंद? तिरक्या रांगेत मोजकेच स्वार मावतात. उरलेल्यांना आडोसा मिळत नाही आणि बघता बघता ते तुटतात. २०२० मध्ये पोगाचारने एका सपाट टप्प्यावर अशाच वाऱ्यात १ मिनिट २१ सेकंद गमावले होते. उजनीच्या कडेच्या उघड्या रस्त्यावरून उलट्या वाऱ्यात शाळेला जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नकोच.

तिसरा रकाना : 'सोबती'.

चौथी कसोटी : तिसरा आठवडा

पहिल्या आठवड्यात सगळेच वाघ असतात. खरी परीक्षा शेवटच्या आठवड्यात. काल दमलेलं शरीर आज सकाळी पुन्हा ताजं होतंय का? डोंगराच्या एका दिवसात या स्वारांना घरातल्या मोठ्या माणसाच्या दुप्पट-तिप्पट खावं लागतं, तेही सायकल चालवता चालवता. भूक लागेपर्यंत थांबलं, की संपलं! पाय एकदम दगडाचे होतात. म्हणून कोण किती जोरात चालवतो याच्याइतकंच, कोण वेळेवर खातो, झोपतो आणि सावरतो, हेही महत्त्वाचं.

या कसोटीला उतरलेला एक माणूस आपल्याच महाराष्ट्रातला आहे. नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ. २०१७ मध्ये त्यांनी अमेरिका आडवी पार करणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' एकट्याने पूर्ण केली. २०१८ मध्ये तर त्याहून मोठा पल्ला, रशियात मॉस्कोपासून व्लादिवोस्तोकपर्यंत! १५ टप्पे, सुमारे ९,१०० किलोमीटर, तीन आठवड्यांहून अधिक काळ. टूर दी फ्रान्सच्या अडीच पटींहून जास्त अंतर. ही शर्यत वेगळ्या जातीची, तिथे टूरमधले संघ नसतात. पण रोज सकाळी दुखऱ्या अंगाने पुन्हा सायकलवर बसायचं, हे दोन्हीकडे सारखंच.

चौथा रकाना : 'दम'.

पाचवी कसोटी : यंदाची तब्येत

गेल्या वर्षीचा पहिला नंबर यंदा चालत नाही. एप्रिल २०२३ मध्ये एका शर्यतीत पडून पोगाचारचं मनगट मोडलं. जुलैत तो टूरला आला खरा, पण तिसऱ्या आठवड्यात कोलमडला. विंगेगार्डने त्याला तब्बल साडेसात मिनिटांनी हरवलं. पुढच्या वर्षी पारडं फिरलं. एप्रिल २०२४ मध्ये विंगेगार्ड एका उतारावर आदळला. गळ्याजवळचं हाड आणि बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला इजा झाली. तरी तीन महिन्यांत तो उभा राहिला आणि टूरमध्ये दुसरा आला. पण जिंकला पोगाचार. २०२५ मध्येही तोच जिंकला. त्याची ही चौथी टूर.

म्हणून शर्यतीआधीच्या दोन-तीन महिन्यांच्या बातम्या वाचायच्या. कोण पडलं? कोण आजारी? छोट्या शर्यतींत कोण घाटावर पुढे होतं? पाचवा रकाना : 'यंदा'.

प्रत्येक रकान्याला पाचपैकी गुण द्या. बेरीज करा. वरचे पाच स्वार म्हणजे तुमचे दावेदार. झाला अंदाज!

आणि तरीही अंदाज चुकतो!

'एवढं गणित केलं, मग चुकेल कसं?' असं कुणी म्हणेल. तर २०२५ च्या जिरोची गोष्ट ऐका.

शर्यतीला दोन दिवस उरले होते. गुलाबी जर्सी मेक्सिकोच्या २१ वर्षांच्या इसाक देल तोरोच्या अंगावर होती. त्याच्यामागे ४३ सेकंदांवर इक्वादोरचा रिचार्ड कारापाझ. तिसरा ब्रिटनचा सायमन येट्स, १ मिनिट २१ सेकंद मागे. सगळ्यांच्या नजरा पहिल्या दोघांवर. समोर फिनेस्त्रेचा घाट : साडेअठरा किलोमीटरचा चढ, वरचा भाग नुसता मातीखडीचा.

हा घाट येट्सच्या चांगलाच ओळखीचा होता. २०१८ मध्ये गुलाबी जर्सी त्याच्याच अंगावर होती. तेरा दिवस! आणि याच घाटात तो असा ढासळला, की त्या एका दिवसात अडतीस मिनिटांहून जास्त मागे पडला. जर्सी गेली, शर्यत गेली. बघणाऱ्यांनी त्याच्या नावावर काट मारली.

सात वर्षांनी तो त्याच रस्त्यावर आला. चढावर त्याने जोर काढला. देल तोरो कारापाझकडे बघतोय, कारापाझ देल तोरोकडे. 'तू जा पुढे', 'नाही, तूच जा'! कुणीच जाईना. घाटमाथ्याच्या पलीकडे येट्सचा सोबती वाउट व्हान आर्ट आधीच पुढे जाऊन थांबला होता. त्याने येट्सला आपल्या चाकामागे घेतलं आणि वारा कापत नेलं. आपल्याकडे म्हणतात ना, दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ! येट्सने जिरो ३ मिनिटं ५६ सेकंदांनी जिंकली.

आपल्या वहीत 'घाट' होता, 'सोबती' होता, 'दम'ही होता. पण सात वर्षं मनात जपलेली जिद्द कोणत्या रकान्यात लिहिणार?

याहून जुनं उदाहरण १९५६ च्या टूरचं. रॉजे वाल्कोव्हियाक नावाचा स्वार एका मोठ्या टोळीबरोबर पुढे सटकला. 'हा कोण लागून गेला?' म्हणत बड्यांनी त्याला जाऊ दिलं. त्याला मिळालेली आघाडी पुढे फार उपयोगी पडली आणि शेवटी टूर त्यानेच जिंकली!

आणि खुद्द विंगेगार्ड? २०२१ च्या टूरला तो एका मोठ्या खेळाडूच्या जागी ऐनवेळचा बदली म्हणून गेला होता. त्याच्या संघाचा प्रमुख रोगलिच पडला, त्याने शर्यत सोडली. प्रमुखाची जागा या पोराकडे आली आणि तो दुसरा आला. आदल्या जूनमध्ये त्याचं नाव किती जणांच्या वहीत असेल?

खोटा विजेता

अंदाज चुकण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते वाईट आहे. अमेरिकेचा लान्स आर्मस्ट्राँग १९९९ ते २००५ अशा लागोपाठ सात टूर जिंकला होता. कॅन्सरमधून उठून तो जिंकला म्हणून जगभरच्या मुलांनी त्याची चित्रं भिंतीवर लावली होती. पुढे उघड झालं, की त्याने बंदी असलेली औषधं घेतली होती. २०१२ मध्ये सातही विजेतेपदं काढून घेतली. ती दुसऱ्या कुणालाही दिली नाहीत. विजेत्यांच्या यादीत त्या सात ओळी आजही कोऱ्या आहेत. जे प्रामाणिकपणे मागे राहिले, त्यांचं काय झालं असेल, याचा विचार करा.

आता आपली वही

आपल्याकडेही सायकल शर्यतींची परंपरा आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यत १९४५ साली सुरू झाली. तिच्यात बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. तुमच्या आजोबांना विचारून बघा, रस्त्याच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवल्याची आठवण निघेल. आणि २०२६ च्या जानेवारीत तर आपल्या पुणे जिल्ह्यातच टप्प्याटप्प्यांची आंतरराष्ट्रीय शर्यत भरली, पुणे ग्रँड टूर.

पुढची मोठी शर्यत आली, की वही काढा. जिरो मे महिन्यात, टूर बहुधा जुलैत, व्हुएल्टा ऑगस्ट-सप्टेंबरात. नियम तीनच :

एक. अंदाज शर्यतीआधी लिहायचा, कारणासकट. 'मला आवडतो' हे कारण चालणार नाही!

दोन. विश्रांतीच्या दिवशी अंदाज बदलता येईल. पण जुना खोडरबराने पुसायचा नाही. एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेवटी 'मी आधीच सांगितलं होतं' म्हणणारे पुष्कळ भेटतात. तुमची वही मात्र खरं बोलेल.

तीन. पैशाची पैज लावायची नाही. एका रुपयाचीही नाही. पैसा आला की आपण विचार करणं सोडतो आणि नुसती आशा धरून बसतो. (आई-बाबा, हा नियम तुम्हालाही!)

आणि एक कळकळीची गोष्ट. हे वाचून सायकल काढाल, त्याआधी ऐका. ऊसतोडीच्या दिवसांत रस्त्यावर ट्रॅक्टर आणि त्यामागे दोन दोन ट्रॉल्या असतात. काही मुलं ट्रॉलीमागे सायकल घालतात, एका हाताने ऊस ओढतात. 'सर, वारा लागत नाही!' असं वर म्हणतात. बरोबर आहे, लागत नाही. पण ट्रॉलीने एकदम ब्रेक मारला तर? मोळी सुटली तर? टूरमधल्या स्वाराच्या पुढे सोबती असतो, तो हाताने खड्डा दाखवतो. ट्रॉली खड्डा दाखवत नाही. महामार्गावर शर्यत लावू नका. आतल्या, रिकाम्या रस्त्यावर, मोठ्यांना सांगून आणि डोक्यावर हेल्मेट घालूनच चालवा.

तुमच्या वर्गात कोण पुढे जाणार, कोण मागे राहणार, याचेही अंदाज लोक बांधतच असतात. गुण बघून, वजन बघून, घर बघून. ते अंदाज आज जे दिसतं त्यावर बांधलेले असतात. त्यांचा राग धरू नका आणि त्यांना घाबरूही नका. खाली एक रेघ मारून नवा अंदाज लिहायची सोय नेहमीच असते.

पुढच्या वेळी मासळी बाजारात गेलात, तर बर्फात हात घालून मासे निवडणाऱ्या ताईदादांकडे जरा नीट बघा. बाहेर भिंतीला एखादी सायकल टेकवलेली दिसली, तर वहीत तेही नाव लिहून ठेवा!